भासऱ्यांची गंजी

सोयाबीन कापून वावरावावरांत गंज्या लागल्या की बचत गटाचं थ्रेशर एक अन् मागणारे सतरा, ही दरवर्षीची रड. यंदा नंबर ठरवायचं काम रीताच्या गळ्यात पडलं होतं. नियम साधा होता. नंबर ठरवणाऱ्या बाईने गंजीत कोपरापर्यंत हात घालायचा, आतल्या शेंगेतला दाणा दाताखाली धरायचा. कटकन फुटला तर माल वाळला, मशीन त्या वावरात.

आज आभाळ भरून आलं होतं आणि दोनच गंज्या उरल्या होत्या. गंगाबाईची वाळलेली निघाली. दुसरी मधुकररावांची, म्हणजे रीताच्या नवऱ्याच्या थोरल्या भावाची. भासऱ्यांसमोर मोठ्याने बोलायची चोरी, तिथे त्यांच्या गंजीत हात घालून खात्री कशी करायची? पदर सावरत ती बांधावरच थांबली. जावेने मूठभर दाणे आणून दिले, ते फुटले, आणि वावर रस्त्यालगतचं म्हणून मशीन आधी तिकडे गेलं.

तिथेच माशी शिंकली. दाणे वरचे होते, आतला माल ओला. दोनदा ड्रम जाम झाला, दोनदा ड्रायव्हरने हाताने काड उपसलं. पश्चिमेला गडगडलं. गंगाबाईचं सगळं पीक उघड्यावर होतं, आणि ते भिजलं तर रीतामुळे भिजणार होतं.

तेवढ्यात गंगाबाईच बांधावरून आली. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

"माह्या गंजीत तं कोपरालोक हात घातला तुमी," ती हळूच म्हणाली. "इथं काऊन नाई घातला?"

रीताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती तडक गंजीपाशी गेली, हात आत खुपसला आणि कुबट वासाच्या शेंगा भासऱ्यांपुढे धरल्या. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच ती त्यांच्या तोंडाकडे पाहून बोलली.

"दादा, हे ओलं हाय. मी मशीन नेऊन राह्यली."

मधुकररावांनी मान फिरवली. घरचीच उलटली म्हणून जाऊ मागून बडबडत राहिली. ट्रॅक्टर निघाला.

गंगाबाईची निम्मी गंजी निघाली आणि पाऊस कोसळला. उरलेल्या मालावर दोघींनी ताडपत्री ओढून धरली, पण खालून पाणी शिरायचं ते शिरलंच. गंगाबाईने आत हात घालून शेंगा चाचपल्या.

"चांगलं केलं बाई तुमी," ती म्हणाली. "पण ते एक घंटा पयले करा लागत होतं."