शांता, चार नग

मला राग पटकन येतो आणि उतरतोही पटकन, पण मधल्या वेळात मी जे बोलते ते लोकांच्या लक्षात राहतं. कुंडलिककाकांच्या बाबतीत तसंच झालं.

मुलुंडच्या एका गाळ्यात आम्ही फरसाणाच्या पुड्या भरायची मशीनं बनवतो. त्यांची डिझाइनं मी कॉम्प्युटरवर करते. पूर्वी मशीनला लागणाऱ्या सुट्या भागांची यादी काका त्यांच्या वहीत लिहायचे. तीस वर्षं स्टोअर त्यांच्याकडेच. मग मी शहाणी आले. डिझाइनमधून यादी थेट एक्सेलमध्ये काढली, एका क्लिकवर दोनशे बारा ओळी, आणि वही कपाटात गेली.

तेव्हापासून काकांची वाट लागली. यादीप्रमाणे सामान काढायच्या दहा मिनिटांच्या कामाला तास लागायचा, वर चुकीच्या पट्ट्या निघायच्या. शेवटी आमचे मालक, अनिरुद्धसर, सगळ्यांसमोर म्हणाले, "काका, या मशीनचं सामान शनिवारपर्यंत बरोबर निघालं नाही, तर स्टोअर दुसऱ्याला देतो." काका साठीला टेकलेले. त्यांना दुसरीकडे कोण घेणार होतं?

आणि तरी ते दर अर्ध्या तासाने माझ्या टेबलाशी हजर. "माधुरी, जरा पडद्यावर ते मशीन फिरवून दाखव ना."

बुधवारी मी ओरडलेच. "काका, सिनेमा आहे का हा? यादी हातात दिलीय ना!"

ते वळून स्टोअरमध्ये गेले. यादी माझ्या टेबलावरच राहिली. पाहते तर ओळींच्या कडेला पेन्सिलीने बारीक बारीक चित्रं: पट्टी, दातेरी चाक, वाकवलेला पत्रा. पडद्यावरचा आकार बघून ते कुठली ओळ कशाची ते लावत होते. यादी सगळी इंग्रजीत, आणि काका शिकलेले पाचवीपर्यंत, तेही गावच्या मराठी शाळेत. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. मला स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच लॅपटॉप घेऊन मी स्टोअरमध्ये जाऊन बसले. "मी भाग दाखवते, तुम्ही त्याचं गाळ्यातलं नाव सांगा. यादीत मराठीचा नवा रकाना करू."

काका खुलले. लांब वाकडी पट्टी म्हणजे कुबडी. दोन भोकांचा पत्रा म्हणजे चष्मा. एक जाड ठोकळा होता, त्याचं नाव जावई.

"जावई का?"

"काम काय करत नाही. पण मान नाही दिला तर सगळं घर खडखडतं."

हसत हसत आम्ही एकशे अठराव्या ओळीवर आलो. लॉकिंग पिन, चार नग. काका थांबले. "हे राहू दे. आहे तसंच लिही."

"का? याला नाव नाही?"

"राहू दे म्हटलं ना."

मी हट्टाला पेटले. तेवढ्यात पलीकडून आमचा फिटर प्रीतम ओरडला, "अगं, शांता म्हणतो आपण तिला!"

काका खाली बघत म्हणाले, "आमच्या घरातली. जाऊन नऊ वर्षं झाली. ही पिन बाहेरून दिसत नाही, पण काढली की झाकण हातात येतं. म्हणून ठेवलं नाव. घरात तिचं नाव घ्यायला आता कोण आहे? इथं दिवसातून चारदा कोणतरी हाक मारतं, शांता कुठाय म्हणून."

मी 'शांता' टाइप केलं. अक्षरं नीट दिसत नव्हती, कारण मी रडत होते.

शनिवारी दुपारी सामान निघालं. एक वॉशरसुद्धा चुकला नाही. अनिरुद्धसरांनी यादी तपासली आणि स्टोअर काकांकडेच राहील म्हणून सांगितलं. मग त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं.

"ही शांता कोण?"

"पिनचं नाव आहे, सर."

"बरं. पण हे सगळं दर मशीनला हाताने टाइप करत बसणार का तू?"

"नाही सर. नावं मी डिझाइनमध्येच त्या त्या भागाला जोडलीत. आता यादी कोणीही काढली तरी आपोआप येतील."

सर मान हलवून गेले. काका दाराशी उभे होते.

"कोणीही काढली तरी?"

"हो."

"मी नसलो तरी?"

"तुम्ही नसलात तरी, काका."

काका तिथेच बोल्टच्या खोक्यावर बसले आणि सगळ्यांदेखत रडले.