मांजर किती भरली

सोडणं हा इचरजबाईंच्या हातचा मळ. लग्न होऊन जालन्याला आल्या त्या वर्षी कांदा-लसूण सोडला, पुढे बटाटा सोडला, मग दिवस मावळल्यानंतरचं जेवण. यजमान लालचंदजी गेले तेव्हा गोड सोडलं, ते आजतागायत जिभेला लावलेलं नाही. जैन घरांत असं काही सोडायचं तर साधू-साध्वी उतरतात त्या स्थानकात जाऊन साध्वींसमोर हात जोडून नेम घ्यायचा, त्याला पच्चक्खाण म्हणतात. घ्या म्हणून कुणी आग्रह करत नाही, पण घेतलं की मोडायचं नाही. इचरजबाईंनी आयुष्यात एकही मोडलं नव्हतं. हे त्या स्वतःहून कुणाला सांगत नसत, पण विषय निघाला तर टाळतही नसत.

बोलणं तेवढं मात्र त्यांना कधी सोडवलं नव्हतं. केदारखेड्याच्या किराणा दुकानदाराची ही लेक, गल्ल्यामागे बसून अख्ख्या गावाशी गप्पा मारत वाढलेली. जालन्यात मस्तगडातल्या घरातही दूधवाल्याला म्हशीची तब्येत विचारल्याशिवाय त्या पातेलं पुढे करत नसत. सुनेशी मारवाडी बोलायच्या, पण लाडात आल्या की केदारखेड्याचीच बोली तोंडात यायची. आणि नातू श्रेणिक झाल्यापासून त्या बारा महिने लाडातच होत्या.

श्रेणिकला एकच गोष्ट लागायची, तीही रोज.

"माझ्या बापाच्या दुकानात एक मांजर व्हती. रोज दुपारी तराजूच्या पारड्यात जाऊन निजायची. एक दिवस म्हातारी आली, म्हणे गूळ द्या. बाप डुलक्या घेऊन राह्यला व्हता. त्यानं न बघताच दुसऱ्या पारड्यात वजनं टाकली. मंग सांग, मांजर किती भरली?"

"अडीच शेर, वर एक मिशी!" श्रेणिक ओरडायचा आणि हसता हसता त्यांच्या मांडीवर उलटा पडायचा.

चार वर्षांचा झाला तसा रजतने, म्हणजे इचरजबाईंच्या मुलाने, त्याला इंग्रजी शाळेत घातलं. घरी अखंड बडबडणारं ते पोर शाळेत तोंड उघडेना. महिनाभराने वर्गातल्या सगळ्या मुलांच्या घरच्यांना बोलावलं, तेव्हा इचरजबाईही हट्टाने गेल्या.

वर्गाच्या बाई, प्रियदर्शनी मॅडम, धावड्याच्या शेतकऱ्याची मुलगी होती. मराठी शाळेतून वर आलेली. इंग्रजीतला प्रश्न समजूनही उत्तर देता आलं नाही म्हणून दोन नोकऱ्या तिच्या हातच्या गेल्या होत्या. आपल्या वर्गातल्या एकाही लेकरावर ती पाळी येऊ नये, असं तिने मनाशी घट्ट धरलं होतं. ती भल्यासाठीच बोलली, म्हणून तिच्यावर धड रागावताही येत नाही.

"घरात दोन-तीन भाषा झाल्या की मूल गोंधळतं," ती म्हणाली. "ज्यांना इंग्रजी येतं त्यांनी मुलाशी इंग्रजीच बोला. ज्यांना येत नाही त्यांनी यंदाचं वर्ष त्याच्याशी कमीत कमी बोला. शक्यतो बोलूच नका."

बाकीच्या आज्या-आजोबांनी या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडून दिलं. शहाण्या माणसांनी तेच करायचं असतं. पण इचरजबाईंना 'सोडा' म्हटलेलं सोडूनच देता येत असे, कानाआड करता येत नसे.  परत येताना रिक्षात त्यांना रजतचं भांड्यांचं दुकान आठवत होतं. मागे परदेशातला कुणी व्यापारी दुकानात आला, तेव्हा त्यांचा हुशार, बोलका मुलगा त्याच्यासमोर नुसता "यस, यस" करत कपाळाचा घाम पुसत उभा होता.

चातुर्मासासाठी साध्वी गावात आलेल्याच होत्या. दुसऱ्या दिवशी इचरजबाई स्थानकात हात जोडून उभ्या राहिल्या आणि त्यांनी नातवाशी मौन मागितलं, अक्षय्य तृतीयेपर्यंत.

"नातवाशीच का?" साध्वींनी विचारलं.

"मोह लई झालाय, महाराजसाहेब." साध्वींनाही महाराजसाहेबच म्हणतात. इंग्रजीसाठी मौन मागितलं असतं तर ते मिळालं नसतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

घरी सांगितलं तेव्हा रजत आधी हसला. आईला तो बाईच म्हणायचा. "बाई, तू अन् गप्प? कोणाला सांगून राह्यली?"

"लेकराला इंग्रजी आली पाह्यजे का न्हाई? का तुझ्यावानी यस-यस करीत उभं राह्यचं त्यानं?"

रजतचं हसू गेलं. सून शिखा म्हणाली, "मम्मीजी, एवढं कडक कशाला? थोडं थोडं बोलत जा."

"पच्चक्खाणात थोडं थोडं नसतंय, बाई."

पहिल्या दिवशी श्रेणिक शाळेतून आला, दप्तर फेकलं आणि मांडीवर चढला. "दादी, मांजर?" इचरजबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. त्याला वाटलं, नवा खेळ आहे. त्यानेही बोट ठेवलं आणि खुदकन हसला. मग तो वाट पाहत राहिला. संध्याकाळपर्यंत त्याने सतरांदा विचारलं, शेवटी त्यांच्या ओठांवरचं बोट दोन्ही हातांनी ओढून काढलं. त्या आत गेल्या आणि कणीक मळत बसल्या. घरात कणीक आधीच मळलेली होती.

न्हाऊ घालणं, भरवणं, बूट घालून देणं, सगळं त्यांच्याच हातचं होतं, फक्त आवाज नव्हता. दूधवाला आला की त्याच्या म्हशीची चौकशी चाले, शेजारणीशी बोलणं चाले, रजतवर ओरडणंही चाले. श्रेणिक दारात उभा राहून ते ऐकायचा. पुढे त्यालाही समजावलं होतं म्हणा. शिखाने सांगितलं होतं, दादी तुझ्या इंग्रजीसाठी बोलत नाही. पण चार वर्षांच्या पोराला त्यातलं काय कळणार? दादी सगळ्यांशी बोलते आणि माझ्याशी बोलत नाही, एवढं त्याला बरोबर कळलं.

संवत्सरी आली. वर्षभरात कळत-नकळत कुणाला दुखावलं असेल, तर त्या दिवशी हात जोडून क्षमा मागायची. 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणायचं. समोरच्यानेही तेच म्हणायचं, की झालं गेलं पुसलं गेलं. यात लहान-मोठं नसतं. सासू सुनेला म्हणते, मालक नोकराला म्हणतो. श्रेणिकने ते शब्द पाठ केले होते. मम्मीला म्हणाला, पप्पांना म्हणाला, दोघांनीही हात जोडून म्हटलं. मग तो दादीसमोर आला. हात जोडले आणि अगदी हळू, एकेक अक्षर सांभाळत म्हणाला, "मिच्छामि दुक्कडम्, दादी."

इचरजबाईंनी हात जोडले, डोकं वाकवलं. पोर तोंडाकडे बघत तसंच उभं राहिलं. शब्द त्यांच्या घशापर्यंत आले होते. नेम म्हणजे नेम, असं म्हणून त्यांनी ते गिळले आणि त्याला पोटाशी धरलं. त्याने धरू दिलं, पण स्वतः धरलं नाही.

त्यानंतर त्याने मांजरीचं कधी विचारलं नाही. दिवाळीत जिन्यावरून पडला, गुडघा फुटला, तरी त्यांच्यासमोरून लंगडत शिखाकडे गेला. इचरजबाई हळदीची वाटी घेऊन मागोमाग गेल्या, तर म्हणाला, "नो, थँक यू." शिखाला हसू आलं. स्थानकात बायका म्हणायच्या, मोह जिंकावा तर इचरजबाईंनी. त्यांना ते ऐकून बरं वाटायचं, आणि घरी येईपर्यंत ते बरं वाटणं नासलेलं असायचं.

शाळेत मात्र श्रेणिकची गाडी सुसाट सुटली होती. प्रियदर्शनी मॅडम भेटेल त्याला त्याचं नाव सांगायची. त्याचं ऐकत बसून इचरजबाईंच्या कानातही चार शब्द पडले होते. दूध सांडलं की शिखा म्हणायची 'बॅड बॉय', संपवलं की 'गुड बॉय'. टॉक म्हणजे बोलणं. सॉरी तर आता धावड्याच्या बाजारातही म्हणतात.

फेब्रुवारीत शाळेचा कार्यक्रम झाला. रजत, शिखा आणि इचरजबाई पहिल्या रांगेत बसले. श्रेणिक टाय लावून मंचावर आला आणि 'माय फॅमिली' घडाघडा बोलला. माय फादर, माय मदर, माय दादी लव्ज मी व्हेरी मच. टाळ्या पडल्या. पण मुलं नुसती पाठ करत नाहीत हे मॅडमला दाखवायचं होतं. ती त्याच्याजवळ वाकली आणि तिने विचारलं, "श्रेणिक, टेल अस, व्हॉट डज युअर दादी टॉक टु यू?"

 हे श्रेणिकने पाठ केलेलं नव्हतं.

"दादी नो टॉक," तो माइकमध्ये म्हणाला. "दादी टॉक पप्पा. दादी टॉक मिल्कमॅन." लोक हसले. "आय सेड मिच्छामि दुक्कडम्. दादी डिड नॉट से. आय ॲम बॅड बॉय."

"व्हेरी गुड! ओन सेंटेन्सेस!" मॅडमने टाळ्या वाजवल्या. 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणजे काय, ते तिला बिचारीला ठाऊक नव्हतं. सगळ्या सभागृहाने टाळ्या वाजवल्या. शिखाचे हात मध्येच थांबले आणि तिने सासूकडे पाहिलं.

इचरजबाईंना सगळं कळलं होतं. समजावून सांगायला कुणाची गरज पडली नाही. ज्या पोराने आयुष्यात एका मुंगीला दुखावलं नव्हतं, ते संवत्सरीपासून बिनमाफीचं फिरत होतं, आणि त्याची माफी त्यांनी आपल्या तोंडात दाबून ठेवली होती. त्या उठल्या. रजतने पदर धरला, तो सुटला. अक्षय्य तृतीयेला अजून अवकाश होता, पण त्या मंचाच्या पायऱ्यांशी जाऊन उभ्या राहिल्या. श्रेणिक उतरून आला तसे त्यांनी त्याच्यापुढे हात जोडले.

"मिच्छामि दुक्कडम्, माझ्या राजा," त्या म्हणाल्या. आवाज चिरका निघाला. "तू कायबी केलं न्हाई रे. म्याच येडी. घरी चल, सगळं सांगते. मांजर किती भरली सांग बरं? सांग ना, किती भरली?"

श्रेणिक दचकला. त्याने आधी मागे वळून मॅडमकडे पाहिलं, मग इकडेतिकडे, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून. मग आपलं बोट त्याने दादीच्या ओठांवर ठेवलं.

"दादी, नो," तो कुजबुजला. "ओन्ली इंग्लिश."

इचरजबाईंनी ते बोट ओढून काढलं नाही. त्याच्याशी बोलायला त्यांच्याकडे त्या भाषेतला कामाचा असा एकच शब्द होता.

"सॉरी," त्या म्हणाल्या.

"इट्स ओके," श्रेणिक म्हणाला. शाळेत शिकवलं होतं तसंच, स्वच्छ आणि बिनचूक. मग चॉकलेट वाटत होते तिकडे तो रांगेत पळाला. इचरजबाई पायरीवर बसल्या, आणि शिखा येऊन उठवेपर्यंत तिथेच बसून राहिल्या.