अंगणातली जंगलमाती

बालवाडीच्या अंगणातलं रबरी आच्छादन उखडून तिथं जंगलातली माती आणून पसरली, तेव्हाच आत्याचं डोकं फिरलं. आत्या म्हणजे त्या बालवाडीत जाणाऱ्या छोटीच्या बाबांची थोरली बहीण. सगळी नोकरी ऑपरेशन थिएटरात नर्स म्हणून केलेली. या मातीत खेळून मुलांची प्रतिकारशक्ती वाढते, त्वचा सुधारते, असं बालवाडीच्या बाई पालकसभेत सांगत होत्या. आत्याला त्यात काहीतरी काळंबेरं वाटलं. एवढं गोड कशाला बोलायचं माणसानं?

आणि थोड्याच दिवसांत छोटीच्या हातांवर कोपरापर्यंत लाल चट्टे उठले.

"बघ, मी कंठशोष करून सांगत होते!" आत्या भावाला म्हणाली.

"अगं ताई, बाकीच्या पोरांना काही झालं नाही."

"त्यांच्या आया लपवत असतील."

मग ती पाळतच ठेवू लागली. बालवाडीच्या कुंपणाशी उभं राहून कोण खाजवतंय ते बघायची. एकही पोर खाजवत नव्हतं. तिला त्याचाही संशय आला. माती आली त्या दिवसापासूनच संध्याकाळी छोटी घरी आली की तिला बेसिनपाशी स्टुलावर उभी करायची आणि ऑपरेशनच्या आधी धुवावेत तसे तिचे हात धुवायची. जंतुनाशक साबण, ब्रशनं नखं, मग बोटांपासून कोपरापर्यंत घासून पुन्हा पहिल्यापासून. छोटी भोकाड पसरायची. आत्याचा जीव तिळतिळ तुटायचा, पण चट्टे वाढत होते, म्हणून तीही जास्त घासायची.

अशात तिच्या मैत्रिणीचं ऑपरेशन ठरलं आणि आत्या सोबतीला परगावी गेली. जाताना भावजयीला बजावून गेली, की मातीत पाठवू नकोस आणि हात धुणं चुकवू नकोस. भावजयीनं मान डोलावली आणि दोन्हींतलं एकही पाळलं नाही.

आत्या परतली तेव्हा छोटी जमिनीवर चित्र रंगवत बसली होती. हात अगदी नितळ. आत्या हरखलीच.

"बरं झालं बाई, माती बंद केलीस!"

"माती रोजच आहे, वन्सं," भावजय चाचरत म्हणाली. "मी तुमचा साबण बंद केला."

आत्यानं स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले. नोकरीच्या पहिल्या वर्षी तिचे स्वतःचे हात अशाच घासण्यानं सोलवटले होते. ते तिला आत्ता आठवलं आणि स्वतःचीच चीड आली.

"छोटे, इकडे ये गं," ती कशीबशी म्हणाली.

छोटीनं खडू टाकला, दोन्ही हात पाठीमागे नेले आणि तिथूनच विचारलं, "आत्या, तू परत कधी जाणार?"