पंचेचाळीस मीटरचं गुपित

मी एक जुना केबल-ड्रम आहे, मित्रांनो. पोटाभोवती पन्नास मीटर वायर, समोर चार सॉकेट आणि बाजूला गुंडाळायचा दांडा. नवा होतो तेव्हा माझी वायर इतकी लांब होती, की तिचं टोक सकाळी निघालं तर दिवेलागणीला घरी पोचायचं. कोपऱ्यातल्या झाडूला मी हे सांगितलं, त्याने मान डोलावली. तुम्हीही डोलवा.

एका सुतारकाकांच्या शेडमध्ये मी बारा वर्षं काढली. "हा माझा उजवा हात!" काका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आणि मी फुगून जाई. पण हा उजवा हात ते उलगडत फक्त पाच मीटर. "सगळी काढा, परत गुंडाळा, नसती उठाठेव!" उरलेली पंचेचाळीस मीटर पोटाशी घट्ट आणि रंधा मशीन दिवसभर घरघरतंय. घट्ट वेढ्यांतली उष्णता बाहेर पडायला वाटच नसे, म्हणून मी आतून तापायचो. एका दुपारी आतले वेढे वितळून चिकटले. त्यात काकांनी हिसका दिला आणि अर्थिंगची तार आतल्या आत तुटली.

मी गप्प बसलो. बाहेरून चकचकीत होतो ना!

तेव्हापासून रंध्याला हात लावला की काकांच्या बोटांना मुंग्या येत. "वय झालं," ते म्हणत. काकू रोज तेल चोळत. "उद्यापासून डोक्याला चोळते," त्या करवादत. मला सगळं ठाऊक होतं. चार-चार तोंडं असून एकही उघडलं नाही.

मग एक दिवस काकांची पुतणी आली. वायरी, ड्रम, मशीनं तपासून पास-नापास ठरवणं हा तिचा धंदा. नापास झालेल्याचा प्लग ती जागीच कापते, म्हणजे कुणी चुकून वापरायला नको. माझी पाचावर धारण बसली.

"ह्याला काय बघतेस? लाव पासचा हिरवा कागद आणि चहा घे," काका म्हणाले.

"आधी सगळा उलगडा."

"सगळा? अगं, संध्याकाळ होईल!"

"होऊ दे. काकूनं जेवायला थांबवलंच आहे."

माझा प्लग भिंतीतून काढून काका वायर ओढत निघाले. दहाव्या मीटरला त्यांची हरवलेली पेन्सिल सापडली. तिच्यापायी शेजाऱ्याशी तीन वर्षं अबोला होता. तिसाव्या मीटरला वायर अडली. वेढे काळे, चिकटलेले. पुतणीने तपासणीच्या यंत्राचे चिमटे लावले. दिवा लाल.

"काका, रंध्याला हात लावला की मुंग्या येतात?"

काका चपापले. "काकूनं सांगितलं ना तुला?"

"ह्या ड्रमनं सांगितलं. रंध्यातून वीज गळतेय. ती अर्थिंगनं जमिनीत जायची, पण तार तुटलीय. म्हणून ती तुमच्यातून जातेय. आज मुंग्या आहेत. हात ओला असता तर..."

काका रंध्यापासून दोन पावलं मागे सरले. कचकन माझा प्लग गेला. खरं सांगतो, बोंब ठोकण्याऐवजी मला हलकं वाटलं.

"भंगारात नको गं ह्याला," काका हळूच म्हणाले.

"वायर भंगारात. ड्रम धडधाकट आहे."

तिने नवी वायर भरली, रंधा दुरुस्त केला, दोघांना पुन्हा तपासलं. दिवा हिरवा. मग तारीख लिहिलेला हिरवा कागद चिकटवला.

दुसऱ्या सकाळी काकांनी रंध्यावर हात ठेवला. मुंग्या गायब! "अगं ए, मी तरुण झालो!"

"झालात ना? मग वायर रोज पूर्ण उलगडा," आतून काकू म्हणाल्या.

आता ते रोज उलगडतात. त्या चालण्याने त्यांचा कमरेचा पट्टा दोन भोकं आत गेलाय.

म्हणून मित्रांनो, प्लग लावण्याआधी आम्हाला शेवटच्या वेढ्यापर्यंत मोकळं करायला मोठ्यांना सांगा. कुणाच्या बोटांना मुंग्या आल्या, तर वयाआधी वायरीवर संशय घ्या आणि जाणत्याकडून तपासून घ्या. आम्ही बढाया न विचारता मारतो. दुखणं मात्र विचारल्याशिवाय सांगत नाही.