गृहपाठाची बायको

भिंगवाल्याला गोष्टी लिहायच्या होत्या. आठवडाभर चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत भिंगं घासायची आणि रविवारी लेखनाच्या वर्गाला जायचं, असा त्याचा क्रम. वर्गातल्या सरांनी एकदा गृहपाठ दिला: मनाने एक माणूस रचा आणि अनोळखी लोकांना तो खरा म्हणून सांगा. त्यांना पटला, तर कागदावरही उभा राहील.

त्याच आठवड्यात याने दुकान बदललं होतं. जेवताना कुणीतरी विचारलं, "लग्न झालंय?"

"झालंय की," हा म्हणाला. एका दिवसाचा तर प्रश्न होता!

पण ही रचलेली बायको सपक निघाली, नुसती गुणी. लोकांनी ऐकलं न ऐकलं केलं आणि डबे उघडले. सर म्हणाले, "गुण कसले सांगता? खोड सांगा." मग त्याने तिला भांडकुदळ केलं. भांडण कितीही रंगलेलं असो, आभाळात ढगही नसो, हा निघाला की ती जिन्यातून ओरडणार, "छत्री घ्या! भिजून आलात तर औषध देणार नाही!" दुकान खो खो हसलं. तेव्हापासून डब्याआधी वहिनींची खबरबात होऊ लागली. हाही चेकाळला. रोज नवं भांडण, आणि गोष्ट खरी वाटावी म्हणून भर उन्हात रोज छत्री.

आणि मग काउंटरवरची मुलगी त्याला आवडू लागली. गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवताना ती स्वतःच श्वास रोखून धरायची. ते बघायला हा नसती कामं काढून पुढे यायचा. पण सांगणार कोणत्या तोंडाने? आपणच आपल्या पायावर धोंडा मारून घेतलेला.

एका दुपारी दुकान रिकामं बघून तो तिच्यासमोर उभा राहिला. "मला बायको नाही. कधीच नव्हती. तो वर्गाचा गृहपाठ होता."

ती बघतच राहिली. "पुन्हा भांडलात?"

"अहो, लग्नच झालेलं नाही माझं!"

"असं बोलवतं तरी कसं तुम्हाला?" तिचे डोळे भरून आले. "भांडतानाही जिला तुमची छत्री आठवते, तिला तुम्ही नाही म्हणता? आधी घरी जा. माफी मागा तिची. मालकांना मी सांगते."

आपण खरंच एकटे राहतो हे तिला पटवायचं होतं. पण एकट्याच्या खोलीतलं सांगण्यासारखं त्याला काही सापडेना.

तो पायरी उतरला, तशी मागून हाक आली, "अहो, छत्री राहिली!"

बाहेर लख्ख ऊन होतं. त्याने छत्री घेतली आणि माफी मागायला निघाला.