वाफे बघायचे

मधुमती नोव्हेंबरात गेली. एप्रिलच्या इटली सहलीचं बुकिंग तिनेच करून ठेवलं होतं, आम्हा दोघांचं. वॉटफर्डच्या तिच्या गार्डनिंग क्लबची सहल होती. आठ दिवस टस्कनीतल्या खेड्यांमधून फिरायचं आणि लोकांच्या बागा बघायच्या. रद्द करायला मी फोन उचलला तेव्हा तनू म्हणाली, "थांबा बाबा. आईच्या सीटवर मी येते."

तनू आमची मुलगी. जन्म इथलाच, इंग्लंडातला, नोकरी केंब्रिजला. मराठी बोलते, पण कशाला तो म्हणायचं आणि कशाला ती, हे तिला अजून जमत नाही.

मी हो म्हणालो. तेव्हा मी सगळ्यालाच हो म्हणत होतो. मधुमतीच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात लोक येऊन काय काय बोलले, त्यालाही मी हो म्हणत होतो. नंदूलाही तसाच हो म्हणालो. नंदू सांगलीकडचा, इथे घरांमागे मातीवर स्लॅब, म्हणजे जाड फरशा, बसवून देतो. इटलीहून आलो की सोमवारी तो आमचं बॅक गार्डन उखडून तिथे स्लॅब टाकणार होता.

बाग मधुमतीची. मला त्यातलं काही कळत नाही. मी सत्तावीस वर्षं बस डेपोत इंजिनं दुरुस्त केली. हिवाळाभर स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती ओली माती दिसायची, आणि मी चहा घेऊन खिडकीकडे पाठ करून उभा राहायचो. स्लॅब टाकले की बघण्यासारखं काही उरणार नाही, एवढंच डोक्यात होतं.

"तो आईचा बाग आहे," तनू फोनवर म्हणाली.

"आईची बाग. आणि आई नाही."

त्यावर तिने विषय बदलला. पण सहलीला ती का येतेय, ते मला कळलं होतं.

इटली सुंदर आहे असं बसमधले सगळे म्हणत होते. असेल. द्राक्षांना नुकती पालवी फुटली होती. माणसं वेल तारांना बांधत होती, दोरीने नाही, कसल्यातरी पिवळ्या लवचीक काड्यांनी. जुन्या भिंतींवर जांभळ्या फुलांचे घोस होते. क्लबच्या बायका खाली उतरायच्या, फोटो काढायच्या, झाडांची नावं लिहून घ्यायच्या. मीही उतरायचो. पुन्हा बसमध्ये येऊन बसायचो. जेवण समोर आलं की जेवायचो. काय जेवलो ते आता सांगता येणार नाही.

तनूने मधुमतीची बागेची वही बरोबर आणली होती. निळ्या पुठ्ठ्याची, कोपऱ्यावर मातीचा अंगठा उमटलेली. ती गेल्यापासून मी ती उघडली नव्हती. तनू लहानपणी विहारातल्या रविवारच्या वर्गात मराठी वाचायला शिकली होती. दहाव्या वर्षी तो वर्ग सुटला. बसमध्ये ती वही मांडीवर घेऊन एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचायची. मी खिडकीबाहेर बघायचो.

तिसऱ्या दिवशी एका खेड्यातल्या कॅफेत तिने वॉफल मागितलं. बाईने मान हलवली, नाही. आदल्या दिवशीही दोन ठिकाणी तिने हेच विचारलं होतं.

मी म्हणालो, "वॉफल कशाला पाहिजे? घरी कधी खात नाहीस."

"मला नाही पाहिजे. आईने लिहिलंय. तीन कॅफे झाले, इथे कोणी वॉफल विकतच नाही. कमॉन, बाबा, हे बेल्जियममध्ये मिळते. आईला कोणी सांगितलं इटली?"

"काय लिहिलंय आईने?"

"इटलीत वॉफे बघायचे. 'ल' विसरली ती. आणि वरचं ते टोपीसारखं पण. मी म्हटलं, नुसतं बघायचे कशाला, आपण खाऊ."

तिने वही माझ्यापुढे सरकवली. मधुमतीचं अक्षर. मी चष्मा लावला.

"वॉफे नाही गं. वाफे. वाफा."

"वाफ? म्हणजे स्टीम?"

"स्टीम ती वाफ. हा वाफा. भाजी लावायला माती करतात तो. तिचा कोथिंबिरीचा होता ना, शेडच्या कडेला."

"तो वाफा आणि ती वाफ," ती म्हणाली. "मग मला कसं कळणार, बाबा! मी तीन कॅफेंत विचारलं."

तिला हसू आवरेना. मला हसू आलं नाही, पण पाच महिन्यांत पहिल्यांदा मला एखादी ओळ पूर्ण वाचावीशी वाटली. मी वाचली.

*इटलीत वाफे बघायचे. दगडी, उंच. तीन वीत तरी. काठावर बसून खुरपता आलं पाहिजे. गुडघे आता वाकत नाहीत. यांना सांगितलेलं नाही.*

"यांना म्हणजे कोणाला?" तनूने विचारलं.

"मला."

"नाव का नाही लिहिलं?"

"ती नाव घ्यायची नाही."

तिचे गुडघे दुखतात हे मला माहीत नव्हतं. मी रोज सहाला निघायचो आणि निवृत्त झाल्यावर टीव्हीपुढे बसायचो. ती बाहेर खाली बसलेली दिसायची. उठताना कशी उठते ते मी कधी बघितलं नाही.

दुपारी गाडी एका म्हाताऱ्या बाईच्या मळ्याशी थांबली. घरामागे दगडी काठांचे चार वाफे होते. एकात बाकल्याच्या शेंगा, एकात कांदे. बाई एका काठावर बसून तण काढत होती. तिने आम्हाला बघितलं आणि काम चालू ठेवलं.

मी खाली वाकलो आणि अंगठ्यापासून करंगळीपर्यंत हात ताणून काठ मोजला. अडीच वीत भरली.

"कमी आहे," मी म्हणालो. "तिला तीन हवी होती."

"तुमचा हात केवढं मोठा आहे, बाबा. बाजूला व्हा."

तनूने आपला हात लावला. एक, दोन, तीन. तिसऱ्या वितीला करंगळी दगडाच्या वरच्या कडेवर टेकली. तिची करंगळी जरा आत वळलेली आहे. मधुमतीचीही तशीच होती.

म्हाताऱ्या बाईने काठावर थापटलं, बसा म्हणून. मी बसलो. तिथून माती हाताशी येत होती, वाकावं लागत नव्हतं. बसने हॉर्न वाजवला तोवर मी तिथेच होतो. तनूने फोटो काढला नाही, ते बरं केलं.

सोमवारी आठला नंदूची व्हॅन आली. मागे स्लॅब भरलेले.

"काका, शेडपासून सुरू करू?"

"शेडची बाजू सोड. तिथे वाफा करायचा आहे. दगडी. तीन वीत उंच."

"आता वाफा? बरं. वीत म्हणजे नऊ इंच. तीन नव्वे सत्तावीस. उंच होईल हो, काका. काय म्हशीला गव्हाण बांधायची आहे?"

"नऊ इंच माझी वीत. तुझ्या काकूची लहान होती."

"मग नक्की किती?"

"तनू शनिवारी येईल. तिच्या हाताने मोजू."

"अहो, टेप आहे ना माझ्याकडे. फोनवर विचारा तिला, तिकडे स्केल लावून सांगेल."

"नको. शनिवारी."

त्याने व्हॅनकडे हात केला. "आणि हे स्लॅब?"

"दोन-चार लागतील. चालायला. बाकीचे परत ने."

"बरं," तो म्हणाला. माझ्याशी वाद घालायचा नाही असं त्याला कोणीतरी सांगितलं असावं. तो शेडपाशी गेला, बुटाने माती उकरली, जाडसर ढेकूळ फोडून बघितलं. "माती चांगली आहे, काका. काकूंनी मेहनत घेतलीय. काय लावणार?"

"माहीत नाही," मी म्हणालो. "वही अजून वाचून व्हायची आहे."