छापखान्यातून जाणारी वाट

छापखाना बंद पडला आणि जुन्या शहराचा मधला भाग हळूहळू ओस पडत गेला. खाली दुकानं होती, पण वरच्या मजल्यांवरच्या खिडक्या कायमच्या बंद. राहणारी माणसं नव्या वस्त्यांमध्ये गेली. तिथे लिफ्ट होती, गाडी लावायला जागा होती. संध्याकाळी शटरं खाली आली की बाजारात चिटपाखरू दिसत नसे.

मागे उरलेल्यांपैकी एक म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. वडिलांच्या माघारी त्यांचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान तो चालवायचा, तेही छापखान्याच्या पाठीमागच्या गल्लीत. बाजारातून तिथे यायचं तर त्या अजस्र इमारतीला पूर्ण वळसा घालावा लागे. एका किल्लीसाठी एवढी पायपीट कोण करणार?

ताई नगररचना खात्यात वास्तुकार होती. छापखाना पाडायचा नाही, तो दुरुस्त करून वापरात आणायचा, असं ठरलं आणि ते काम तिच्याकडे आलं. वरच्या मजल्यांवर भाड्याची घरं आणि खाली, जिथे यंत्रं धडधडायची तिथे, वाचनालय. ताईने जीव ओतून नकाशे काढले. वाचनालयाचं दालन या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग, दोन्ही बाजूंच्या उंच खिडक्यांतून उजेड. ते चित्र तिने घरी जेवणाच्या टेबलावर पसरलं तेव्हा भावाने वाटी बाजूला सरकवून नीट पाहिलं.

"झकास आहे. यात माझं दुकान कुठंय?"

"हे काय, या भिंतीच्या मागे."

"म्हणजे मागेच," तो हसला आणि त्याने वाटी पुन्हा पुढ्यात ओढली. भावजयीनेच मग सांगून टाकलं, "ताई, आम्ही नव्या वस्तीत गाळा बघितलाय. इथे आता दिवस काढण्यात अर्थ नाही."

ताईने नकाशा गुंडाळला. जुना भाग पुन्हा नांदता करायला निघालेल्या बाईचा सख्खा भाऊच तिथून चंबूगबाळं आवरत होता.

काम सुरू झालं. सगळ्यात मोठं यंत्र पुढच्या दारातून निघेना, म्हणून मागची भिंत थोडी फोडायची आणि नंतर होती तशी बांधायची, अशी परवानगी ताईने काढली. यंत्र क्रेनने ओढून गल्लीत नेलं. भिंतीत ट्रक जाईल एवढं भगदाड पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आली तेव्हा गल्लीतला बेकरीवाला डोक्यावर पावांचा ट्रे घेऊन भगदाडातून आत शिरला, दालन ओलांडून पुढच्या दाराने बाजारात निघूनही गेला. त्याच्यामागे बाळाची गाडी ढकलत एक बाई. मग एक गृहस्थ, बगलेत वर्तमानपत्र, जणू गेली कित्येक वर्षं तो याच वाटेने जात होता. मुकादम ओरडून ओरडून दमला. त्याने दोरी बांधली, तर लोक वाकून दोरीखालून जाऊ लागले.

"अहो बाई, काम चालू आहे!" ताईने एकीला हटकलं.

"चालू द्या की. आमचा काही त्रास नाही तुम्हाला," ती चालता चालता म्हणाली. "बरं झालं बाई, वाट मोकळी केलीत."

ताईला हसू आलं. पण वाट ठेवायची म्हणजे तिचं लाडकं दालन मधोमध चिरायचं. आणि वाट जिथे निघत होती तिथून चार पावलांवर भावाचं दुकान होतं. लोक काय म्हणतील ते तिला आत्ताच ऐकू येत होतं.

तिने आडपडदा ठेवला नाही. जुन्या इमारतींच्या समितीपुढे उभी राहून तिने नवा नकाशा मांडला: मधून वाट, तिच्या दोन्ही बाजूंना छोटी दुकानं, वाचनालय पहिल्या मजल्यावर. मग म्हणाली, "त्या गल्लीत माझ्या भावाचं दुकान आहे. वाट झाली तर त्याचा फायदा होईल. म्हणून हा निर्णय माझ्या सहीने होऊ नये."

समितीच्या अध्यक्षांच्या कपाळाला आठ्या पडल्या. निवृत्त अभियंता, जुन्या विटेला कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. "मग सुचवलंत कशाला?"

"लोक आत्ताच तिथून चालतायत, म्हणून."

"बघू," एवढंच ते म्हणाले.

घरी भाऊ भडकला. "स्वतःच्या तोंडाने सांगून आलीस? आता कसली होतेय वाट! कुणी विचारलं होतं तुला?"

"कुणी विचारायच्या आधीच सांगायचं असतं ते."

"तत्त्वं तुझी, आणि गाशा गुंडाळायचा मी!"

तो ताटावरून उठला. बरेच दिवस दोघांत कामापुरतंच बोलणं होतं.

एका सकाळी अध्यक्ष न सांगता छापखान्यात येऊन उभे राहिले, बरोबर मधोमध. माणसं त्यांना वळसा घालून जात होती. ते वर पाहत होते, भिंती न्याहाळत होते, आणि मागून आवाज आला, "ओ साहेब, सरका! ट्रे गरम आहे!"

अध्यक्ष टुणकन बाजूला झाले. बेकरीवाला पुढे गेल्यावर दालनभर ताज्या पावाचा वास राहिला. अध्यक्षांनी कोट झटकला.

"इमारत बंद होती तेव्हा मी तिला फार जपलं," ते म्हणाले. "पण इतकी जिवंत कधी पाहिली नव्हती." मग नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाले, "कमान विटांचीच हवी. काच-बिच चालणार नाही. आणि सही मी करेन."

ताई धावतच दुकानात गेली. भाऊ कानशीने किल्ली घासत होता. तिने सांगितलं. तो घासतच राहिला, मग किल्ली खाली ठेवून म्हणाला, "तुझं ते दालन मात्र गेलं."

"गेलं."

"छान होतं गं ते."

तेव्हा कुठे ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने आतून स्टूल आणून दिलं आणि समोरून चहा मागवला. नव्या वस्तीतल्या गाळ्याचा विषय त्यानंतर घरात निघाला नाही.

कमान बांधून झाली, वाचनालय वर गेलं. भाडेकरू एकेक करून आले. आधी एक नर्स, मग व्हायोलिन शिकवणारे आजोबा, मग नुकतं लग्न झालेलं जोडपं. बंद खिडक्यांना पडदे लागले, कठड्यावर कपडे वाळू लागले. संध्याकाळी बाजारात दिवे उशिरापर्यंत जळत राहू लागले. भावाची आता वेगळीच कुरकुर सुरू झाली, "जेवायला फुरसत मिळेल तर शपथ!"

एका सुट्टीच्या दिवशी ताई त्याच्याकडे गप्पा मारत बसली होती. तेवढ्यात वरच्या खिडकीतून नर्सने हाक मारली, "दादा, लवकर या! आजोबा दार ओढून बाहेर आले आणि किल्ली आत राहिली. गॅसवर दूध आहे!"

"आलो, आलो!" भावाने हत्यारांची पिशवी उचलली. "ताई, दुकान बघ जरा."

"अरे, मला यातलं काय कळतंय?"

"गिऱ्हाईक आलं तर बसवून ठेव. बोलण्यात गुंतव. नकाशे दाखव तुझे!"

तो दोन-दोन पायऱ्या चढत दिसेनासा झाला. ताई गल्ल्यावर जाऊन बसली. कमानीतून माणसं येत-जात होती. एक बाई थांबली आणि पर्समधून गंजलेलं कुलूप काढून तिच्यापुढे धरत म्हणाली, "हे उघडेल का हो?"

"उघडेल की," ताई ऐटीत म्हणाली, आणि स्टूल पुढे सरकवलं. "बसा ना. मालक वर गेलेत, येतीलच इतक्यात."